साकु

विद्यानगरच्या उन्हाळी मैफलीत दीपश्री लग्नानंतर पहिल्यांदाच गायला बसली होती. मांडवात पन्हं फिरत होतं. सुनेनं चारचौघांत गायचं नाही, म्हणून महिनाभर तिच्याशी अबोला धरलेले सासरे, अप्पा, आज न सांगता येऊन थेट पहिल्या रांगेत बसले होते.

कसाबसा सूर लागला. यमन जरा कुठे रंगात येतोय, तोच अप्पांचा आवाज मांडवभर घुमला, "साकु! साकु!"

कानडीतलं ते ‘पुरे’ ऐकून तंबोऱ्यावरची तिची बोटं थिजली. सगळ्या माना अप्पांकडे वळल्या.

&nbsp;

अप्पा ग्लासावर आडवा हात धरून पन्हं वाढणाऱ्यावर खेकसत होते, "साकु म्हटलं की! सरक बाजूला, सूनबाई दिसेना झालीय मला!"