वाऱ्यालाही कळू नये

"नाव आत्यानंच ठेवायचं. आणि कानात सांगेपर्यंत वाऱ्यालाही कळू द्यायचं नाही."

कोलकात्यात बागबाजारच्या घरी, गंगेवरच्या वाऱ्यात पाळण्याच्या दोऱ्या हलत असताना आई हे म्हणाली होती. आईला जाऊन वर्षं लोटली, पण अलकाच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. किंचित घोगरा, लयीत डोलणारा.

आणि आज बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये आधी वाऱ्याचीच परवानगी घ्यायची होती.

बंद खोलीच्या दाराशेजारी, भिंतीवर, जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी होती. सू सू करत ती सारखी घरातली हवा ओढायची आणि तिच्यात रोगाचं काही बीज आहे का ते पारखायची. हवा निर्धोक असली की हिरवा दिवा, नाहीतर पिवळा. पिवळा असताना ते दार उघडायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

"आत्या, असा टक लावून नका बघू, तो लाजतो," नूपुर म्हणाली. अलकाच्या भावजयीची, लीनाची ही भाची. जन्म कोलकात्यातला, त्यामुळे मराठीतलं 'तो-ती' कायम उलटसुलट; नोकरी ही पेटी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत.

"पेटी 'ती' असते गं."

"हो, तीच तो."

अलका हसली आणि कंबर धरून खाली टेकायला लागली. लीनानं लगबगीनं खुर्ची सरकवली. "वन्सं, खाली नका बसू. कळ गेली नाही ना अजून?"

"असू दे. कौतुकाचं दुखणं आहे. भूक लागते का गं त्याला?"

"लागायला लागलीय. झोपही शांत. डोक्यावर मात्र अजून तुळतुळीत गोटा."

"येतील केस. घाई कसली!"

"आणि रक्तगट तुमच्यावर गेलाय. काल रिपोर्ट आला." लीना बोटांवर मोजू लागली. "आता लशी टोचायच्या, अगदी पहिल्यापासून सगळ्या."

अलका खिडकीकडे पाहत राहिली. डोळे पुसले ते मास्कच्या वरच्या कडेनंच.

खऱ्याला हलवायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेरच्या खोलीत वरवंट्याला टोपरं घातलं होतं. ताजी फुलंही चालत नव्हती, तेव्हा कागदाची माळ. पाळणा नव्हताच. दोघी नणंदा-भावजया टीपॉयच्या खालून-वरून वरवंटा फिरवू लागल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या!" कुकरमधल्या घुगऱ्यांचा वास घरभर पसरला होता.

तेवढ्यात अलकाचा धाकटा भाऊ श्यामकांत आला, हातात नोलेन गुडाच्या, खजुरीच्या नव्या गुळाच्या, संदेश-मिठाईचा खोका घेऊन. "ताई, पहिला तुला!"

दुसरा संदेश उचलायच्या आत दिवा पिवळा झाला.

लीनाच्या हातातला वरवंटा टीपॉयवर आदळला. नूपुरनं फोनवर पाहिलं. "साधा सर्दीचा विषाणू आहे. बाहेरच्या खोलीतलाच. आतली हवा वेगळी गाळलेली असते, मावशी. घाबरू नकोस."

"आतल्याला साधं असं काही नसतं गं," लीना म्हणाली. "वन्सं, आज नको. पुढे ढकलू."

अलकानं घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी हावड्याहून तिची नागपूरची गाडी होती, रजा संपली होती. इतके दिवस त्याला तिनं फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. आणि एक गोष्ट अशी होती की ती फोनवर सांगायची नव्हती.

सगळ्यांनी एकमेकांच्या नाकाकडे पाहिलं. श्यामकांतनं खोका हळूच खाली ठेवला.

"माझा घसा खवखवतोय," तो म्हणाला. "कालपासून. वाटलं, धुळीनं असेल."

"शाम्या! गाढवा!"

"सांगितलं असतं तर आजच्या दिवशी बाहेर काढलं असतं तुम्ही सगळ्यांनी मला, ताई."

"मग आता काय करणारेस?"

"आता आपणहून जातो." चपला हातातच घेऊन तो जिना उतरला. खिडकीतून दिसला, समोरच्या फुटपाथवर, मातीच्या कुल्हडात चहा घेऊन वर पाहत उभा.

नूपुरनं खिडक्या सताड उघडल्या, पंखे लावले. तिघींनी मास्क बदलले. पेटी सू सू करत राहिली. अलकानं तिच्यापुढे हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं,

"पहिली माझी ओवी गं, भिंतीवरल्या पेटीला,
वारा गाळून धाड बाई, माझ्या तान्ह्याच्या भेटीला."

"वन्सं," लीनानं हलकेच विचारलं, "आज सांगणार ना?"

"दिव्यानं सांगू दिलं तर."

खाली श्यामकांतचा चहा संपला. दुसरा आला. तोही संपत आला, तेव्हा नूपुर ओरडली, "हिरवा!"

अलकानं हात धुतले, कंबर सावरली आणि ती आत गेली. दार मागे लागलं. पलंगाला कागदी झेंडू बांधले होते. पांढऱ्या चादरीतून तुळतुळीत डोकं वर आलं होतं, खिडकीच्या उजेडात चकचकणारं. ती वाकली, कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र..."

"आत्या, गुदगुल्या होतात!" एक भरदार पुरुषी आवाज हसला. "सव्वीस वर्षांपूर्वी ठेवलंस ना एकदा नाव? डॉक्टर हा नवा जन्म म्हणाले काय नि तुम्ही बायकांनी बारसंच मांडलं. बोल, या खेपेला काय ठरलं?"

"क्षितिजच," अलका त्याच्या कानात म्हणाली. "आणि तुला सांगितलेला परदेशातला दाता-बिता कुणी नव्हता रे राजा. रुजेपर्यंत तुला सांगायचं नव्हतं. तुझ्या हाडांत जी मज्जा रुजलीय ना, ती माझ्या हाडांतली आहे."