बाबांचा बिननावाचा कॅमेरा

बाबा गेले आणि लक्षात आलं, घरात त्यांचा एकही फोटो नाही. कॅमेरा ते कुणाच्या हातात देतच नसत. त्या कॅमेऱ्यावरचं नावही पुसलेलं. निदान ते तरी कळावं म्हणून दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो.

"जपानी आहे. कंपनी कधी बुडाली ते कंपनीलाही कळलं नसेल," म्हणत काकांनी तो माझ्यावर रोखला. "यातून बघताना आधी माणूस दोनदा दिसतो. भिंगाभोवतीची कडी फिरवली की दोन्ही जुळून एक होतात. तू काही जुळत नाहीस."

"आईही तेच म्हणते."

"दुसऱ्याला टक्कल आहे रे."

बाबांचं टक्कल! माझे डोळे भरून आले. मागे न वळता म्हणालो, "काका, रोल घातलेला आहे. दाबा बटण, जन्मभर उपकार विसरणार नाही."

"दाबलं असतं," काका पुटपुटले, "पण ते कॅमेरा घ्यायला इकडेच येतायत."