सुटलेले टाके

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनाही आरोग्यविमा मिळावा, यावरून अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या कॉलेजातल्या वाटाघाटी वर्षभर अडल्या होत्या. संघटनेतर्फे लोईस बोलायची. प्रशासनाचं म्हणणं ती विणता विणता ऐकायची. तिनं सुया खाली ठेवल्या, की तिचा नकार येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती वारल्यावर तिच्या खुर्चीत तिचा नवरा वेंडेल बसला, तिचा अर्धवट मफलर घेऊन. "प्रोफेसर, हा मफलर आहे की मासे धरायचं जाळं?" समोरून प्रशासनाच्या वकीलबाईंनी विचारलं. "टाके सुटतात हो. पण पुरा करणार." वाटाघाटींच्या त्या टेबलाची बाजू आजवर कुणीच बदलली नव्हती. वकीलबाई उठल्या, त्याच्याशेजारी बसल्या आणि मफलर हातात घेऊन सुटलेले टाके उचलू लागल्या. "तुमचं विम्याचं कलम पुन्हा एकदा वाचा," त्या म्हणाल्या. वेंडेलनं सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मफलर दोन बोटं वाढला होता. वकीलबाईंच्या हातातल्या सुया अजून चालूच होत्या.