उडालेली स्प्रिंग

रविवारी चर्चच्या जेवणात माझ्या नवऱ्याने, वर्लिनने, मी केलेल्या बटाट्याच्या सॅलडला चारचौघांत नावं ठेवली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. आज तो कमरेला लावायच्या छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलायला स्वयंपाकघरात बसला. एरवी हात आणि पिस्तूल दोन्ही पारदर्शक पिशवीत घालूनच तो हे काम करतो, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. आज पिशवी विसरला. मी समोरच शेंगा सोलत होते, पण कशाला सांगू?

टण्ण! नवी कोरी स्प्रिंग उडाली.

“डार्ला, हलू नकोस! कुत्र्याला धर, गिळेल तो!”

“फ्रिजखाली बघ, आंधळ्या!” मी ओरडले.

मग काय! टॉर्च घेऊन दोघंही फरशीवर रांगलो, डोक्यावर डोकं आपटलं, हसून हसून दम लागला. शेवटी मला राहवेना. मी मूठ उघडली.

“उडाली तशी माझ्या मांडीवरच पडली होती रे.”

वर्लिनने स्प्रिंग उचलून घेतली. मग घाम पुसायला त्याने शर्टाच्या खिशातून रुमाल ओढला, आणि त्याबरोबर नीट घडी घातलेली ती पिशवी बाहेर पडली.