सर्वांत जुनी जोडी

"सगळ्यात शेवटी आपली सर्वांत जुनी जोडी," पाळकबाई माइकवरून म्हणाल्या. "तोवर कुणी घरी पळायचं नाही. चहा त्यानंतरच मिळेल."

चर्चच्या हॉलमध्ये बायका हसल्या. सिस्टर मात्र हसली नाही.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तिला सगळ्या सिस्टरच म्हणत. शेजारच्या खुर्चीत टेलरबाई होती. महिला मंडळाच्या मेळाव्यात आज प्रत्येक जोडीने आपली मैत्री कशी जमली ते सांगायचं होतं. या दोघींची गोष्ट तर अख्ख्या मंडळाला पाठ होती. टेलरबाईची आई सिस्टरच्या वॉर्डात वारली. पुढच्याच रविवारी टेलरबाई आभार मानायला चर्चमध्ये सिस्टरशेजारी येऊन बसली, ती बत्तीस वर्षं तिथंच बसत होती.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली की सिस्टर मान खाली घालून ऐकायची. आज मात्र ती स्वतःच्या तोंडाने सांगायची होती.

"जरा आत ये," ती कुजबुजली.

"आत्ता? अगं, आपला नंबर येईल."

"त्याच्या आधीच ये."

हॉलमागच्या स्वयंपाकघरात कपबशा मांडून ठेवल्या होत्या. चहाचं आधण उकळत होतं. सिस्टरने गॅस बंद केला आणि दार लोटलं.

"मला ती गोष्ट सांगता येणार नाही. खोटी आहे ती."

"कुठली?"

"तुझ्या आईची."

टेलरबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला काय माहीत आहे?" तिने हळूच विचारलं.

"मीच केलं ते." सिस्टर म्हणाली. "त्या दुपारी मी सलग दुसरी ड्यूटी करत होते. दुखणं थांबवायचं इंजेक्शन तिला आधीच दिलेलं होतं. मी कागद पाहिला नाही. पुन्हा दिलं. तासाभरात ती गेली. डॉक्टर म्हणाले, आजार हाताबाहेर गेला होता. मी तोंड उघडलं नाही. आणि रविवारी तू येऊन माझा हात धरलास! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला."

टेलरबाई ओट्याला टेकली. बाहेर टाळ्या पडल्या. कुठल्या तरी जोडीचं सांगून झालं होतं.

"तुझ्या लेकीच्या बाळंतपणात मी रजा टाकून राहिले, तेव्हा तू सगळ्यांना सांगत सुटलीस, सख्खी बहीणसुद्धा एवढं करणार नाही. सुरुवातीला ती नुसती भीती होती गं. माया नंतर जडली. पण जडली, अगदी खरी." सिस्टर थांबली. "बोल ना काहीतरी. शिव्या दे, पण बोल."

"एवढंच?" टेलरबाईने विचारलं. "एकच इंजेक्शन?"

"हो."

"आणि हे ओझं तू एकटीने वाहिलंस? इतकी वर्षं?"

तिला एकदम रडू कोसळलं. सिस्टर तिला धरायला पुढे झाली, तसा तिने हात आडवा केला.

"ती तुझ्यामुळे नाही गेली."

"माझं मन राखायला बोलू नकोस."

"मन नाही राखत. ती रोज हात जोडायची माझ्यापुढे. सोडव म्हणायची. त्या दुपारी तू यायच्या आधी झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली मी तिला पाण्यातून पाजली होती."

"सिस्टर! टेलरबाई!" माइकवरून पाळकबाईंची हाक आली. "नव्या नवरीसारख्या लाजताय काय? या लवकर!"

सिस्टर हाकेकडे वळलीसुद्धा नाही. "मग त्या रविवारी... तू आभार मानायला आली होतीस..."

टेलरबाईने डोळे पुसले आणि दाराच्या कडीला हात घातला.

"आभार कसले? तू मला पाहिलंस की काय, एवढंच काढून घ्यायला बसले होते मी तुझ्या शेजारी."