कालच्यापेक्षा बरं

कॅन्सरचं औषधपाणी सुरू झालं आणि डॉक्टरांनी अंकिताला कुणी भेटायचंच नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून, ती खुटबावला सासरच्या ज्वारीच्या शेतात उभं राहून काढलेला आपला हसरा फोटो रोज सकाळी स्टेटसला टाकायची. रोज नवी साडी आणि खाली एकच ओळ, "आज कालच्यापेक्षा बरं हाय."

इकडं मांडवगणात तिची आई गिताबाई तो फोटो बघायची आणि डोळ्यांनी अधू झालेल्या नवऱ्याला, रखमाजींना, त्यात काय दिसतं ते सांगायची.

"आपली ज्वारी हुरड्याला आली," आज रखमाजी म्हणाले. "आता पोरीला बोलवू की गं. बरी दिसतीया न्हवं?"

गिताबाईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हसतीया," ती म्हणाली.


साडी आजही नवी होती, पण अंकिताच्या मागची ज्वारी दिवाळीत होती तेवढीच होती, गुडघ्याएवढी.