जाऊबाईंचा गुडघा

“काकू, या यंत्राच्या चौकटीत उभ्या राहा आणि हळूहळू खाली बसा,” औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली.

कुमुदिनीबाई कण्हत खाली बसल्या. लुगड्याच्या आतली त्यांच्या गुडघ्याची हाडं शेजारच्या पडद्यावर हलताना दिसू लागली. ना सुई, ना काप. त्यांची धाकटी जाऊ वैजयंता पडद्याला नाक लावून बघत होती. दर उन्हाळ्यात पापड लाटताना याच गुडघ्यापायी जाऊबाईंना वेताची खुर्ची मिळायची आणि तिला जमिनीवरचा पोळपाट. लग्नकार्यात मात्र तो गुडघा बरा चालतो, हे तिने कधीच टिपून ठेवलं होतं. आज सोंग उघडं पडणार होतं.

पण पडद्यावर हाडावर हाड घासत होतं.

“काकू, यापुढे खाली बसूच नका.”

म्हणजे खुर्ची कायमची! वैजयंता तडक चौकटीत शिरली. “माझाही बघ गं. मलाही फार त्रास आहे.”

“अय्या, किती सुरेख फिरतोय! विशीतल्या मुलीचा गुडघा वाटतो.”

वैजयंताचा चेहरा उतरला. इतकी वर्षं कण्हायचं तिला सुचलंच नव्हतं.

“वैजू, पुन्हा एकदा बस बरं,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. वैजयंताने ती लगेच ओळखली. वेताच्या खुर्चीकडे ती स्वतः अगदी अशीच बघायची.

ती बसली, उठली. मग कुणी न सांगताच आणखी एकदा बसली, जरा सावकाश.